पुस्तकाशिवाय

मलावीतल्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली, तसा माझा हात सवयीनं खिशातल्या प्रार्थनापुस्तकाकडे गेला. शेजारच्या म्हातारीनं तो वाटेतच धरून ठेवला.

“सर, इथं सगळे एकदम मोठ्यानं मागतात, आपापल्या शब्दांत,” नगरहून आलेल्या आमच्या मिशन-गटाचे पाळक हसून म्हणाले. “घाबरू नका. या गलक्यात तुमचं मराठी कोण ऐकतंय?”

माझी सगुणा शेवटच्या आजारात हेच म्हणायची. “छापलेलं नको हो. माझ्यासाठी एकदा तुमच्या शब्दांत मागा.” मला शब्द फुटेना. मी पुस्तकातलं वाचलं, आणि तिनं समजुतीनं “आमेन” म्हटलं.

गलका वाढला. मी डोळे मिटले आणि त्याच्या आडोशानं पुटपुटलो, “देवा, सगुणा बरी आहे ना तिकडे? अजून दम लागतो का तिला?” मग थांबताच येईना. चहाच्या वेळची तिची रिकामी खुर्चीसुद्धा मी देवाला सांगितली.

भानावर आलो तेव्हा चर्च शांत झालं होतं. एकटा मीच बोलत होतो.

म्हातारीनं माझा हात दाबला. “आमेन,” ती म्हणाली.

मी डोळे उघडलेच नाहीत.