बिनदाण्याचं

"याच्यात दाणा नाही वहिनी, मी सांगून राह्यलो ना," भागवत म्हणाला. तरी अश्विनीने पाकीट उलटं केलं आणि उजेडाला धरलं.

अमडापूरच्या बाजारातल्या त्याच्या दुकानात ती अर्ध्या तासापासून उभी होती. गिऱ्हाईकं येत होती, बिस्किटाचा पुडा उचलून जात होती. ती मात्र प्रत्येक पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं बोट ठेवून वाचत होती. सोनपापडी परत ठेवली. एका चॉकलेटवर शेंगदाण्याचा अंश असू शकतो असं छापलेलं होतं, तेही ठेवलं. उघड्या पेढ्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ज्या परातीत चिक्की थापतात तिच्यातच पेढे वळले असतील, तर कोण सांगणार?

शेवटी खोबऱ्याच्या वड्यांचं एक नवीन पाकीट सापडलं. खोबरं, साखर, दूध पावडर. तिने तीनदा वाचलं आणि घेतलं. शनिवारी तिच्या लेकीला, डिंपलला, सात वर्षं पूर्ण होणार होती. पोरीने एकच मागितलं होतं, वर्गातल्या मुलांसारखं दुकानातलं गोड, आणि पाकीट तिने स्वतः फोडायचं.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात कुणीतरी डिंपलच्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला होता. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, घशातून शिटीसारखा आवाज यायला लागला. चिखलीच्या डॉक्टरांनी पोर वाचवली. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं, असं ते म्हणाले. त्यांनीच एक इंजेक्शन मागवून दिलं आणि मांडीत कसं टोचायचं ते शिकवलं. तेव्हापासून ते फडताळात हाताशी असायचं. शेंगदाणा तर त्या घरात पुन्हा आलाच नाही. भाजीत कूट नाही, ताटात चटणी नाही. गल्लीतल्या बाया नाक मुरडायच्या, आमची पोरं काय दाणे खाऊन मेली, म्हणायच्या. अश्विनीची सासू सोजराबाई ते नुसतं ऐकून घ्यायची. हो म्हणायची नाही, नाहीही म्हणायची नाही.

आणि अश्विनीला धास्ती होती ती या सासूचीच.

गेल्या काही महिन्यांपासून घरात आणलेलं प्रत्येक पाकीट डिंपलच्या आधी कुणीतरी फोडत होतं. एखादाच तुकडा कमी असायचा. डिंपलने गळ्याला हात लावून सांगितलं, मी नाही. मग एका दुपारी अश्विनीने स्वतःच पाहिलं. सोजराबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पाकिटातलं खात होती. चाहूल लागताच तिने पदराने तोंड पुसलं. विचारलं तर म्हणाली, जीभ चाळवली.

अश्विनीने नवऱ्याच्या कानावर घातलं. राजकुमारला ते पटेना.

"आईले गोडाचा सोस कधीच नव्हता," तो म्हणाला. "चतुर्थीले साबुदाण्याच्या उसळीचा घासही घेत नाही ते, नुसत्या चहावर राह्यते."

त्याने तिला धीर आला नाही, उलट संशयच वाढला. जिला खाण्याची हौस नाही ती बाई चोरून का खाईल? नातीला आपल्या हातून खायची सवय लावायची असेल. आज बर्फी, उद्या दाण्याचा लाडू. हे सगळं डॉक्टरांचं खूळ आहे, हे सुनेला दाखवून द्यायला. अश्विनीच्या मनाने हेच घेतलं आणि ते काही केल्या निघेना. ती डिंपलला सासूजवळ एकटी सोडेनाशी झाली.

वड्यांचं पाकीट तिने गव्हाच्या कोठीत खोल खुपसून ठेवलं.

शनिवारी सकाळी डिंपल झोपेत होती. शिंप्याकडून फ्रॉक आणायला जायचं होतं, राजकुमार शेतात गेला होता. पोर उठायच्या आत येऊ, असा विचार करून अश्विनी निघाली. शिंप्याने काजासाठी थांबवून घेतलं. येताना ती जवळजवळ पळतच होती.

ती दारात आली. कोठीचं झाकण जमिनीवर पडलं होतं, गहू सांडले होते. त्यात ते पाकीट होतं, फाडलेलं. आणि स्वयंपाकघरातून डिंपलचं रडणं येत होतं.

फ्रॉक कुठे पडला ते तिला कळलं नाही. फडताळातलं इंजेक्शन ओढून ती आत धावली.

डिंपल चुलीजवळ उभी होती. अश्विनीने तिची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं, मान तपासली, छातीला कान लावला. ओठ साधे होते. श्वास साफ होता.

"खाल्लं काय तू?"

"नाही," डिंपल हुंदके देत म्हणाली. "आजीनं मले देलीच नाही."

तेव्हा कुठे अश्विनीने मागे वळून पाहिलं.

सोजराबाई भिंतीला टेकून बसली होती. ओठ दुप्पट झाले होते, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. मानेवर गांधी उठल्या होत्या. घशातून शिटी वाजत होती, अगदी तशीच. मुठीत अर्धी खाल्लेली वडी होती.

अश्विनीने विचार केला नाही. शिकवल्याप्रमाणे तिने इंजेक्शन सासूच्या मांडीत दाबलं आणि डिंपलला शेजारच्यांची जीप बोलवायला पळवलं. मग सासूचं डोकं छातीशी धरून ती एकेक श्वास मोजत राहिली. जीप दारात येईपर्यंत शिटी जराशी उतरली.

सोजराबाईने सुनेचा हात घट्ट धरला.

"हे पाकीट पोरीले देऊ नको," ती कशीबशी म्हणाली. "आधीची सारी मले चालली होती."