रुज्जेरोची शोकधून

तिसरी पेटीही उपसून झाली, तरी नुन्झिओच्या नावाचा एक कागद सापडला नाही.

दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतातल्या त्या गावच्या बँडचं जुनं दप्तर असुंता सांभाळत होती. सोमवारी ते सगळं बारी शहरात हलवायचं होतं.

नुन्झिओचे वडील सावेरिओ चाळीस वर्षं बँडचे मास्तर. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, मास्तर धून लिहून द्यायचे. न्हाव्याच्या मुलीलासुद्धा दिली. पोटच्या धाकट्याला मात्र एक ओळ नाही. नुन्झिओ त्र्याहत्तर वर्षांचा झाला तरी ते शल्य निघेना. मरण्याआधी एक तरी ओळ दिसावी म्हणून तो तुरिनहून आला होता.

“काका, आता एकच उरलीय,” असुंता म्हणाली. “रुज्जेरोकाकांची शोकधून.”

नुन्झिओ उठलाच. युद्धात दोघेही भाऊ मेल्याचं कळवणारी पत्रं घरी आली होती. थोरल्या रुज्जेरोचं खरं होतं, नुन्झिओचं चुकीचं निघालं. तो कैदेतून परतला, मोडलेला बँड पुन्हा उभा राहिला आणि गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत ती धून पहिल्यांदा वाजली. अख्खा गाव रडला. मास्तरांचा जीव थोरल्यावरच होता, असं बायका त्याच्यादेखत बोलल्या. महिन्याभरात त्यानं गाव सोडलं. पुढं बाप गेल्याची तार आली, तरी तो फिरकला नाही.

“ठेवून दे, पोरी. ह्या घरात काही मिळवायचं तर आधी मरावं लागतं.”

“ठेवता येत नाही. नावावर खळीनं चिठ्ठी डकवलीय. खळीला कसर लागते, सगळ्या चिठ्ठ्या सोडवूनच कागद पाठवायचे आहेत.”

मास्तरांची ती सवयच होती. वाजवणारा बदलला, स्वर बदलला, तरी खोडायचं म्हणून नाही. वरून चिठ्ठी डकवायची. असुंतानं ओल्या फडक्यानं कोपरा भिजवला. नुन्झिओ पाठ करून कोटाची बटणं लावत होता. तुरिनची गाडी चारला होती.

“काका, बसा जरा,” ती हलकेच म्हणाली.

‘रुज्जेरोस’ लिहिलेली चिठ्ठी तिच्या बोटांना चिकटून आली होती. खाली बापाचंच अक्षर होतं: ‘माझ्या नुन्झिओस. माती द्यायलाही तू मिळाला नाहीस.’