नववं गाणं

तिसऱ्या दिवशीही त्याच नंबरावरून फोन आला. मतीननं तो वाजू दिला.

“उठाते कायकू नई?” त्याच्या बायकोनं, महनूरनं, आतून विचारलं.

“वोइच हैं. रोहिणखेडवाले. नौवाँ गाना पूछते.”

नवव्या गाण्याचं काय ते महनूरला माहीत होतं.

धामणगाव बढ्यात मतीनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांच्या मेमरी कार्डात तो गाणी भरून द्यायचा. लोक कव्वाल्या मागत, भीमगीतं मागत, लग्नाची गाणी मागत. त्याला स्वतःला मात्र वेगळीच गाणी लागत. बऱ्याच वर्षांपूर्वी मलकापुरात भंगाराच्या ढिगात त्याला एक विदेशी कॅसेट सापडली होती. साठ-सत्तरच्या दशकातल्या, कोणाला नावही माहीत नसलेल्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांची गाणी तीत एकत्र केली होती. घरामागच्या शेडात, मोटारीच्या गॅरेजात वाजवलेली. गिटार फाटक्या स्पीकरातून आल्यासारखी चरचरायची, आवाज गोल गोल फिरायचा. तापात छत फिरतं, तसा. सूर चुकला तरी कोणी थांबायचं नाही.

प्रत्येक टोळीचं एकच गाणं. त्यानंतर ती पोरं कुठं गेली, कोणाला पत्ता नाही. मतीनला त्याचंच वेड लागलं. नावाजलेल्या गायकाचं सगळं जगाला ठाऊक असतं. इथं गाणं संपलं की माणूसही संपायचा. आपण ऐकलं नसतं तर हा झालाच नसता, असं ऐकताना वाटायचं.

पुढं तो नेटवरून अशी गाणी जमवून स्वतःच सीड्या बनवू लागला. देशोदेशीचे चार-पाच शौकीन त्या मागवत. तेही सीड्या बनवत, आणि त्यांच्या सीड्यांत त्यांच्या त्यांच्या गावची एखादी हरवलेली टोळी असायची. आपल्या जिल्ह्याची एकही नाही, हे मतीनला सलायचं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच एक खोटी टोळी बनवली. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या रवीनं पत्र्याचं पिंप बडवलं. मतीननं पाण्याच्या रिकाम्या टाकीत तोंड घालून गाणं म्हटलं. नव्या सीडीत ते नवव्या नंबरावर टाकलं आणि कव्हरवर लिहिलं, ‘गायक कचरू, रोहिणखेडकडचा. साल १९७४. पुढे काय झालं, माहीत नाही.’ कचरू नावाचा माणूस या भागात गावोगाव सापडतो, म्हणून ते नाव घेतलं.

ती सीडी गावातल्याही दोघा-तिघांनी नेली. कार्डाकार्डांतून गाणं रोहिणखेडात पोचलं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन करणारे रोहिणखेडचे उकंडराव स्वतः आले. सत्तरी ओलांडलेला, ताठ माणूस. पंचवीस एकरांत बीटी कपाशी लावायचे. सगळा तालुका त्यांना ओळखत होता. दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत ते पायरीवर उभे राहिले.

“मतीनभाई तूच?”

“हाव. बसा, काका.”

ते बसले नाहीत. “कचरू माहा लहाना भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात घरून गेला, तो आलाच नाई. सदा बेंजो घेऊन बसे. ते गाणं म्या आयकलं. आवाज त्याचाच हाये.”

मतीननं हातातला मोबाईल काउंटरवर ठेवला.

“चौऱ्याहत्तर साल लिहिलंस. पक्कं हाये?”

“लिहिलं तसंच, काका.”

“म्हंजे दोन वर्षांनी जिता होता.” उकंडरावांनी काउंटरची कड धरली. “आता कोठी हाये?”

“मले माहीत नाई.”

“बायको केली त्यानं? लेकरंबाळं?”

“माहीत नाई.”

“आन तुह्याकडे आलं होतं कोणी, त्याच्या नावानं विचारत?”

“कोणीच नाई.”

“माय त्याची वाट पाहून पाहून मेली,” उकंडराव म्हणाले. “माह्या नरड्याखाली घास नाई उतरून राह्यला. रानात गेलो तरी कपाशीतून तोच आवाज येते.”

मतीन त्यांच्याकडे बघत राहिला. त्या हंगामात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावातून एकच बातमी यायची. फवारणीचं औषध घेतलं. मागच्या महिन्यात त्याच्या दुकानात नेहमी येणारा एक माणूस तसाच गेला होता. खरं सांगितलं तर हा म्हातारा इथून सरळ औषधाच्या डब्याकडे जाईल, असं मतीनला वाटलं. आणि नाही सांगितलं तर उरलेलं आयुष्य नसलेल्या माणसासाठी गावं धुंडाळत फिरेल.

आतल्या दारात महनूर उभी होती. तिनं मान हलवली. सांगा.

“काका, तो आवाज माहा हाये,” मतीन म्हणाला.

उकंडरावांनी काउंटरवरचा हात काढून घेतला.

“कचरू कोणी नाई. नाव मीच टाकलं, सालही मीच टाकलं. मागच्या उन्हाळ्यात म्हटलं ते गाणं.”

“खोटं नको बोलू.”

मतीननं कोपऱ्यातली बादली उचलली, तीत तोंड घातलं आणि नवव्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. सगळं दुकान घुमलं. उकंडरावांनी डोळे मिटून घेतले. ओळ संपली तेव्हा ते स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

महनूरनं पाण्याचा पेला पुढं केला.

“माह्याकडून लय मोठी चूक झाली,” मतीन म्हणाला. “मले माफ करा, काका.”

“म्हंजे चौऱ्याहत्तरात तो कोठीच नव्हता?”

“नाई.”

“कोणालेच दिसला नाई?”

“नाई, काका.”

उकंडराव पाणी प्यायले. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि मग खूप दिवसांनी श्वास मिळाल्यासारखे हसले. उठून त्यांनी मतीनच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरं केलं, खरं सांगतलं,” ते म्हणाले. “एवढा मोठा दगड बांधून म्या त्याले विहिरीत सोडला होता. मले समजूनच नव्हतं राह्यलं, तो वर आला कसा.”