तयारी अजिबात नाही

"'येणाऱ्या दिवसांबद्दल मला उत्सुकता वाटते.' हे तुम्हाला किती लागू पडतं, ताई? अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, की पूर्ण?"

"अजिबात नाई," रीता म्हणाली.

रोशनीनं टॅबवर बोट टेकवलं. पुलगावच्या बाजारातलं रीताच्या सासरचं कापडाचं दुकान. सातवा महिना लागलेली रीता गादीवर लोडाला टेकून बसली होती. शेजारी तिची सासू कौशल्याबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. हात साड्यांवर, कान इकडे.

"'पुढच्या सहा महिन्यांत माझ्या आयुष्यात काहीतरी चांगलं घडेल.'"

रीतानं सासूकडे पाहिलं. सासू खोकल्या.

"अजिबात नाई."

रोशनीला त्या खोकल्याचा संशय आला. "काकू, जरा पाणी मिळेल का?" ती म्हणाली. कौशल्याबाई आत गेल्यावर तिनं तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला. रीतानं तेच उत्तर दिलं, तेही हळू आवाजात.

"'येणाऱ्या काळासाठी माझी तयारी सुरू आहे.'"

"नाई व. अजिबात नाई."

टॅबवर लाल ठिपका उमटला. गरोदरपणात रक्त तपासतात तशी उमेदही मोजायची आणि जिची उमेद चांगली तिचं मन बाळंतपणानंतर कमी खचतं का ते पाहायचं, असा हा अभ्यास होता. आंजी गावापासून इथपर्यंत रोशनी कितीतरी अंगणांतून फिरली होती. कुरकुरणाऱ्या भेटल्या, रडणाऱ्या भेटल्या, पण प्रत्येक उत्तराला तळ गाठणारी रीता पहिलीच. तिच्या कार्डावर गेल्या वर्षीची नोंद होती: बाळ वाचलं नव्हतं. लाल ठिपका आला की त्याच दिवशी समुपदेशक मॅडमना फोन करायचा, हा नियम.

रोशनीनं टॅब बाजूला ठेवला. "ताई, झोप लागते का?"

"लागते ना. माह्या घोरण्यानं ह्यांची मोडते."

"जेवण जातं?"

"ते तर इचारूच नको."

हे काही त्या लाल ठिपक्याशी जुळेना. तेवढ्यात गल्लीतल्या सुलोचनाबाई आल्या आणि त्यांनी हातातली पिशवी सरळ गादीवर उपडी केली. दोन विटकी लुगडी, एक पांढरं धोतर, एक फुलाफुलांची साडी.

"पाहा. घरातलं सारं झाडून आणलं."

कौशल्याबाईंनी पाण्याचा पेला रोशनीच्या हातात दिला आणि त्या ढिगापाशी बसल्या. धोतराचं टोक चिमटीत धरून चोळलं, मग गालाला लावलं. "हे धोतर मस्त आहे. लुगडी बी चालतात. साडी वापस ने."

"काऊन व? चांगली तर आहे."

"पॉलिस्टर आहे. लेकराच्या आंगाले टोचन..."

आणि त्यांनी जीभ चावली. मग रीताला हसू फुटलं. दोन्ही हातांनी पोट धरून ती हसत राहिली.

रोशनीनं वर पाहिलं. भिंतभर नवं कापड होतं. रीताच्या डोक्यामागच्या फळीवर मलमलीचे तागेच्या तागे. आणि हे दुकानदार शेजाऱ्यांकडून जुनी धोतरं घेत होते.

"लेकरू हाती येईपर्यंत त्याच्यासाठी नवा धागा काढायचा नाई, पोरी," कौशल्याबाई कुजबुजल्या, जणू वरच्या फळीवर कुणीतरी कान लावून बसलं होतं. "जुनेर चालते. जुनेराची गिनती नाई."

"गल्लीतले सारे धोतरं इनं नेले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आमचा म्हातारा आता नातवाची पँट घालून फिरून राह्यला."

"आन् आमचा निकेश, इचा नवरा!" कौशल्याबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं का आधी इचारते, घरी जुनं काय आहे? मंग नवं दाखवते. काल एक बाई रागानं उठून गेली."

"गेली, पन संध्याकाळी दोन लुगडी धाडली तिनं," रीता डोळे पुसत म्हणाली. "धुवून, घडी घालून."

रोशनीनं टॅब पुन्हा मांडीवर घेतला. "म्हणजे तयारी सुरू आहे."

"नाई," तिघी एकदम म्हणाल्या.

"मग मी काय लिहू?"

"नाईच लिहजो," रीता म्हणाली. "ते उत्सुकतेचं बी नाई, सहा महिन्यांचं बी नाई. तुह्या मशीनमधलं कोन कोन वाचते, काय माहीत."

रोशनीनं उत्तरांना हात लावला नाही. दिलेलं उत्तर बदलायचं नाही, हाही नियमच होता. लाल ठिपका होता तिथंच राहिला. फक्त आता त्याच्याकडे पाहताना तिला हसू आवरत नव्हतं.

"नियम आहे म्हणून मॅडमना कळवावं लागेल," ती म्हणाली. "त्या भेटायला येतील तुम्हाला."

"येऊ दे ना," कौशल्याबाई म्हणाल्या. "सुती नेसतात का त्या?"

रोशनी निघायला उठली, तशी मागून तिची ओढणी ताणली गेली. रीतानं ओढणीचं टोक धरलं होतं. तिनं ते उजेडाकडे करून पाहिलं, चिमटीत चोळलं, मग सासूसारखंच गालाला लावलं.

"कवाची आहे?"

"कॉलेजपासूनची."

"अजून थोडी मऊ व्हाव लागते." रीतानं ओढणी तिच्या खांद्यावर नीट टाकली. "दोन महिने वापर. मंग घेऊन येजो."