दुसरी डबी

"अक्का, कार्ड तर अजून तुमच्या हातात हाय की! मग हे चालू कशावर झालं?"

तापल्या तव्याला हात लागावा तसे कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या प्रभूनं लॅपटॉपवरचे हात मागे घेतले. सिद्धेश्वरी चांदीची डबी मुठीत धरून उभी होती. माग बंद होते, त्यामुळे त्या म्हाताऱ्या लॅपटॉपची घरघर भर दुपारी जास्तच ऐकू येत होती.

चादरींचा हा कारखाना तिच्या वडिलांचा, संगप्पांचा. डिझाईनसाठी नवा कॉम्प्युटर घ्या म्हटलं की अप्पा म्हणायचे, "जुनं ते सोनं." आणि विटेएवढ्या जाड लॅपटॉपला नवनवीन जोड देत बसायचे. त्याची आतली डिस्क कधीच मेली. मग त्यांनी बाजूच्या खाचेत मेमरी कार्ड घालून सगळा संसार त्यावर हलवला. कार्ड काढलं की मशीन म्हणजे नुसता डबा. ते हरवू नये म्हणून त्यांनी सोनाराकडून रोज पुजायच्या इष्टलिंगाच्या डबीसारखीच हुबेहूब दुसरी डबी करून घेतली. दोन्ही एकाच दोऱ्यात गळ्यात घातल्या. "संगप्पाला दोन देव," असं अख्खी एमआयडीसी हसायची.

अप्पा गेले आणि कमळांच्या चादरीचं डिझाईन अर्धंच राहिलं. व्यापाऱ्याला नेमकं तेच हवं होतं. ते मिळालं नाही तर माग विकायचे, हे घरात ठरून गेलं होतं.

लिंगायत रीतीनं समाधीत बसवून पुरताना त्यांच्या घरात लिंगाची डबी उघडत नसत, मिटलेलीच तळहातावर ठेवत. सिद्धेश्वरीनं रडत रडत दोरा सोडला, एक डबी अप्पांच्या हातात दिली आणि दुसरी आणून कपाटात ठेवली. ती उघडायचा धीर तिला आजवर झाला नव्हता.

आज प्रभू मशीनची मेमरी वाढवायला आला होता. नवी पट्टी नीट बसली का, एवढंच बघायला त्यानं बटण दाबलं. खाच रिकामी होती. तरी पडद्यावर कमळं उमटली.

"अर्धंच राहिलंय म्हणला व्हता की तुमी?" प्रभूनं पडद्याकडे बोट केलं.

डिझाईन काठापर्यंत आलं होतं. शेवटच्या ओळीत एक चौकोन भरला. जरा थांबून पुढचा भरला. अप्पांची चाल अशीच संथ होती. कीबोर्डवर कुणाचाच हात नव्हता.

सिद्धेश्वरीनं डबीचं झाकण काढलं.

आत अप्पांचं इष्टलिंग होतं.

"अप्पा," तिला हुंदका आवरेना, "देव हितंच राहिला की हो तुमचा. मी तुमच्या हातात काम दिलं."