योग्य आकडा

जेवता जेवता अप्पांच्या हातातली भाकरी गळून पडली आणि त्यांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं. त्यांच्या मुलीने, पद्मजाने, लगेच रुग्णवाहिकेला फोन लावला.

पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला, "जिनाप्पा आरवाडे यांच्या दंडातल्या चिपनुसार रक्तातलं युरिक ॲसिड योग्य आहे. ते वाढलेलं नाही, म्हणजे पक्षाघाताचा धोका नाही. गाडी पाठवता येणार नाही."

"अहो, माणूस माझ्या डोळ्यांसमोर कोसळतोय!"

"धोका नाही," यंत्र पुन्हा म्हणालं.

पद्मजाने फोन आपटला. शेजारच्या सुकुमारदादाच्या टेम्पोत अप्पांना घालून तिने सांगलीचा मोठा दवाखाना गाठला, तर चिप वाचून तिथलं दारही उघडेना. संतापाने तिने दारावर लाथा घातल्या. तो आवाज ऐकून डॉक्टर मुजावर आतून धावत आल्या.

"चिप तर ठीक दाखवतेय," त्या काचेआडून म्हणाल्या.

"चिप मरू दे! त्यांच्या तोंडाकडे बघा!"

डॉक्टरांनी बघितलं आणि स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. "आकडा कमी म्हणजे धोका कमी, नाहीसा नव्हे. हे आम्ही विसरलोच," असं पुटपुटत त्यांनी मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं.

अप्पा वाचले. उजवा हात मात्र लुळा पडला आणि वाचाही गेली.

आठवड्याने चिपच्या कंपनीचा माणूस हसतमुखाने खाटेपाशी आला. "ताई, आम्ही तपासलं. आमचा आकडा अगदी बरोबर होता."

पद्मजा तोंड उघडणार, तोच अप्पांनी डावा हात दाराकडे उगारला.

"चालता हो!" आठवड्याभरात पहिल्यांदाच वाचा फुटून ते गरजले.