करवलीचं पोलकं

"पोलकं दोन इंच घट्टच शिवा, काकू. लग्नापर्यंत बारीक करते हिला," बाई म्हणाली. असल्या आयांना पोरीपेक्षा फोटोची काळजी जास्त. मामाच्या लग्नातली करवली, नऊ वर्षांची पोर, पोट आत ओढून उभी होती.

"श्वास सोड गं," म्हणत मी खरं माप वहीत लिहिलं.

पंधरा दिवस पोरीचा भात बंद. मग पोलकं घालून बघितलं. हुक सहज लागले. बाई फुलली. "बघ, झालीस ना बारीक!"

"ती होती तेवढीच आहे. मी तिच्या मापाचं शिवलंय," मी म्हणाले. "तुमचे ब्लाउज तर दर दिवाळीला उसवून सैल करते. तेव्हा तुमचा भात कुणी बंद केला?"

पोर पोट सोडून खदाखदा हसली. एकही हुक निसटला नाही.